वरच्या मिसिसिपीचे खोरे, 1843: निकोले यांच्या नकाशाचे परीक्षण

जोसेफ निकोले यांनी तयार केलेला वरच्या मिसिसिपी खोऱ्याचा नकाशा 1843 मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या आदेशावरून छापला गेला. आज तो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो आणि पूर्ण आकारात उतरवून घेता येतो. त्याच्या कागदी प्रतिकृतीही निरनिराळ्या आकारांत विकल्या जातात. जुन्या नकाशांची आवड असणाऱ्या वाचकाने यांपैकी काय घ्यावे आणि ते कसे वाचावे, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागाचे जे नकाशे निघाले, त्यांत इतका प्रामाणिक नकाशा क्वचितच सापडेल. मात्र तो लहान आकारात, शोभेची वस्तू म्हणून घेतला तर त्याच्या मोलाचा मोठा भाग हातातून निसटतो.

नकाशा छापला गेला त्या वर्षी या प्रदेशाच्या दक्षिण टोकाला मिसुरी आणि इलिनॉय ही राज्ये होती. या खोऱ्यात त्यांच्या उत्तरेला एकही राज्य नव्हते. राज्याचा दर्जा नसलेले, केंद्र सरकारच्या अखत्यारीतले ‘प्रदेश’ होते: विस्कॉन्सिन प्रदेश 1836 मध्ये आणि आयोवा प्रदेश 1838 मध्ये स्थापन झाला होता. आयोवाला राज्याचा दर्जा 1846 मध्ये मिळाला, विस्कॉन्सिनला 1848 मध्ये. मिनेसोटा हा प्रदेश म्हणूनसुद्धा 1849 मध्ये अस्तित्वात आला आणि राज्य व्हायला 1858 उजाडले. दोन्ही डकोटा राज्यांना तर 1889 पर्यंत थांबावे लागले. आज ज्या सरळ सीमारेषा आपण त्या भागाच्या नकाशावर गृहीत धरतो, त्यांपैकी बहुतेक येथे नाहीत. पान भरले आहे ते नद्या, तळी, दलदली आणि जलविभाजक यांनी, आणि शीर्षकातही कोणत्याही प्रांताचे नाव नसून नदीच्या खोऱ्याचे आहे. ज्या काळात सरकारी नकाशे प्रामुख्याने किल्ले, वाटा आणि विकाऊ जमीन दाखवण्यासाठी निघत, त्या काळात एका मनुष्याने पाणी कुठून निघते, कुठे जाते आणि किती उंचीवरून जाते, एवढाच प्रश्न धरून एवढा मोठा प्रदेश मांडावा, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

निकोले हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म 1786 मध्ये सॅव्हॉयमधील क्लूझ या गावी झाला, आणि पुढे पॅरिसच्या वेधशाळेत प्रसिद्ध गणितज्ञ लाप्लास यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. आर्थिक संकट ओढवल्यावर 1832 मध्ये ते अमेरिकेत आले आणि सेंट लुईसच्या शूतो या व्यापारी घराण्याचा आश्रय मिळाल्यावर त्यांनी मिसिसिपीच्या खोऱ्याचे काम हाती घेतले. 1836 च्या उन्हाळ्यात ते फोर्ट स्नेलिंग या लष्करी ठाण्याहून ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या वाटाड्यांसह मिसिसिपीच्या उगमाच्या इटास्का सरोवरापर्यंत गेले. या सरोवरापाशी हेन्री स्कूलक्राफ्ट 1832 मध्येच ओझाविंडिब या ओजिब्वे पुढाऱ्याच्या मदतीने पोहोचले होते, त्यामुळे उगम शोधून काढल्याचा मान निकोले यांच्याकडे जात नाही, आणि तसा दावा करण्याची त्यांना गरजही नव्हती. त्यांनी सरोवराला येऊन मिळणारे ओढे पाहिले, त्या ठिकाणचे अक्षांश व रेखांश काढले आणि उंची मोजली. त्यानंतरचा हिवाळा त्यांनी फोर्ट स्नेलिंगच्या परिसरातच काढला.

हे काम पाहून युद्धखात्याने त्यांना अधिकृत मोहिमेवर नेमले. 1838 मध्ये ते मिनेसोटा नदीच्या खोऱ्यातून, तांबड्या चिलीम-दगडाच्या प्रसिद्ध खाणीवरून कोतो दे प्रेरी या उंचवट्याच्या प्रदेशात गेले. 1839 मध्ये मिसुरी नदीतून आगबोटीने फोर्ट पिएरपर्यंत आणि तेथून जमिनीवरून डेव्हिल्स लेकपर्यंत त्यांचा प्रवास झाला. या दोन्ही मोहिमांत त्यांचा साहाय्यक होता जॉन फ्रेमाँट, जो पुढे पश्चिमेचा शोधक आणि 1856 मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून गाजला. फ्रेमाँट यांना मोजणीची शिस्त निकोले यांच्याकडून मिळाली. शिष्याच्या कीर्तीखाली गुरूचे नाव झाकले गेले, हे मात्र खेदाने नोंदवावे लागते.

आता नकाशाची पद्धत. निकोले यांच्याकडे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची साधने नव्हती, माणसे नव्हती आणि वेळही नव्हता. आपल्याकडे याच दशकात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या महाकंसाचे मापन पूर्ण होत होते. तेथे जमिनीवर काटेकोरपणे मोजलेल्या पायारेषा होत्या, कोन मोजणारे अवजड थिओडोलाइट होते, निरीक्षणासाठी उभारलेले मनोरे होते आणि साखळीप्रमाणे एकमेकांना जोडलेले त्रिकोण होते. एव्हरेस्ट निवृत्त झाले तेही 1843 मध्येच. निकोले यांच्या पद्धतीत असा एकही त्रिकोण नाही. प्रत्येक महत्त्वाच्या मुक्कामावर सूर्य व तारे पाहून ते ठिकाण पृथ्वीवर स्वतंत्रपणे निश्चित करायचे, आणि दोन ठिकाणांमधली नदी होकायंत्राने दिशा घेत व अंतराचा अंदाज बांधत काढत जायचे, असा हा प्रकार होता. एक ठिकाण चुकले तर ती चूक पुढच्या ठिकाणावर चढत नाही, हा या पद्धतीचा गुण. दोन ठिकाणांमधल्या वळणांवर फार विसंबता येत नाही, ही तिची मर्यादा.

अक्षांश काढण्यासाठी सेक्स्टंट हे कोन मोजण्याचे उपकरण आणि पाऱ्याचे कृत्रिम क्षितिज पुरेसे होते. प्रेरीमध्ये किंवा जंगलात समुद्रासारखे स्वच्छ क्षितिज मिळत नाही, म्हणून थाळीत पारा ओतून त्यात दिसणारे सूर्याचे प्रतिबिंब आणि आकाशातला सूर्य यांच्यामधला कोन मोजायचा आणि तो निम्मा करायचा. रेखांशाचे काम अधिक अवघड होते, कारण त्यासाठी दूरच्या ठिकाणची अचूक वेळ जवळ बाळगावी लागते. क्रोनोमीटर हे अचूक घड्याळ चार सेकंदांनी चुकले की रेखांश एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, चुकतो, आणि इटास्काच्या अक्षवृत्तावर एक कला म्हणजे जवळजवळ 1.3 किलोमीटर अंतर. होडीतून, घोडागाडीतून, खांद्यावरून आणि पावसाचिखलातून फिरणाऱ्या घड्याळाकडून सेकंदांची अचूकता मागायची, म्हणजे त्याला आकाशातील घटनांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहणे आले. निकोले यांनी ते निष्ठेने केले.

तथापि या नकाशाचे खरे वैशिष्ट्य उंचीच्या मापनात आहे. उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागात इतक्या विस्तृत प्रमाणावर आणि इतक्या पद्धतशीरपणे हवेचा दाब मोजणारा पाऱ्याचा बॅरोमीटर वापरणारे ते पहिले. समुद्रसपाटीला पाऱ्याचा स्तंभ सुमारे 760 मिलिमीटर उंच राहतो, आणि कमी उंचीच्या प्रदेशात आपण साधारण 11 मीटर वर चढलो की तो एक मिलिमीटर खाली येतो. तत्त्व एवढे सोपे आहे. अडचण अशी की वादळ येऊ लागले तरी पारा उतरतो. त्यामुळे एकट्या बॅरोमीटरला डोंगर आणि ढग यांच्यातला फरक कळत नाही. यावर उपाय एकच: उंची ठाऊक असलेल्या ठिकाणी दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी दुसरा बॅरोमीटर वाचला पाहिजे. सेंट लुईसमध्ये हे काम डॉ. जॉर्ज एंगेलमान यांनी पत्करले. ते वैद्य होते आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले. निकोले शेकडो किलोमीटर दूर एखाद्या तळ्याच्या काठी तंबूत पारा वाचत असताना सेंट लुईसमध्ये एक डॉक्टर आपल्या नोंदवहीत आकडा लिहीत आहे, आणि महिन्यांनंतर त्या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर त्या तळ्याची उंची हाती येते, असा हा व्यवहार होता.

त्याचा परिणाम एका आकड्यावरून जोखता येतो. निकोले यांनी इटास्का सरोवराची उंची मेक्सिकोच्या आखातापासून 1,575 फूट दिली. आजच्या मोजणीनुसार ती सुमारे 1,475 फूट आहे. शंभर फुटांची चूक काही लहान नव्हे, आणि ती लपवण्याचे कारणही नाही. पण तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. शंभर फूट म्हणजे पाऱ्याच्या स्तंभात तीन मिलिमीटरही नाहीत, आणि इटास्कापासून आखातापर्यंत नदीची लांबी सुमारे 3,700 किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावर, रेल्वे किंवा तारयंत्र नसताना, खांद्यावरून वाहून नेलेल्या काचेच्या नळीने एवढ्या जवळ पोहोचणे हे त्या काळच्या विज्ञानाचे मोठे यश म्हटले पाहिजे.

नकाशा प्रत्यक्ष पाहताना आधी उत्तरेकडे जावे. प्रमाण 1:12,00,000 आहे, म्हणजे एक सेंटिमीटरला 12 किलोमीटर, आणि पूर्ण पान जवळजवळ मीटरभर उंच आहे. मिसिसिपी इटास्कातून निघून आधी उत्तरेकडे जाते, मग पूर्वेकडे वळून कॅस लेक, विनिबिगोशिश अशी तळ्यांमागून तळी ओलांडते आणि त्यानंतर कुठे दक्षिणेचा रस्ता धरते. दक्षिणेला जाणारी नदी उत्तरेकडे निघते, हा विरोधाभास वाटतो, पण नकाशावरील तळ्यांची दाटी पाहिली की त्याचे कारण ध्यानात येते. जमीन जवळजवळ सपाट आहे, हिमनद्यांनी सोडलेल्या खोलगटांत पाणी साचले आहे, आणि नदी म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्यात सांडणारे पाणी आहे. प्रतिमा शंभर टक्के मोठी करून पाहिली की कोरणाऱ्याच्या हाताची बारकाई दिसते. तळ्याच्या काठाशी पाण्याच्या रेषा दाट असून आत विरळ होत जातात, आणि ओढ्याची रेष उगमाकडे केसाइतकी बारीक होत संपते. विल्यम स्टोन यांच्या या कोरीव कामाला दाद दिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

यानंतर नजर नैर्ऋत्येला, बिग स्टोन आणि ट्रॅव्हर्स या दोन लांबट तळ्यांवर न्यावी. माझ्या मते संपूर्ण नकाशातील सर्वांत मोलाचा भाग हाच. ही दोन तळी एकाच दरीत जवळजवळ टोकाला टोक लावून पसरली आहेत. दोहोंच्या मध्ये काही किलोमीटर रुंदीची सखल जमीन आहे आणि पाण्याच्या पातळीत फरक आहे तो जेमतेम काही फुटांचा. तरीही बिग स्टोनचे पाणी मिनेसोटा नदीतून मिसिसिपीला मिळून मेक्सिकोच्या आखातात जाते, तर ट्रॅव्हर्सचे पाणी रेड नदीतून उत्तरेला वाहत अखेर हडसनच्या उपसागराला मिळते. मोठा पूर आला तर मधल्या सखल भागावरून पाणी एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. खंडाचा एवढा मोठा जलविभाजक डोंगराच्या कण्यावर नसून दलदलीत आहे, हे कागदावर स्पष्टपणे उमटते. आपल्याला सह्याद्रीच्या धारेवर जलविभाजक पाहण्याची सवय असते, म्हणून हा भाग सावकाश पाहण्याजोगा आहे.

त्याच्या पश्चिमेला कोतो दे प्रेरी आहे. उंचसखलपणा दाखवण्यासाठी निकोले यांनी समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, वापरल्या नाहीत. तेवढे बिंदू त्यांच्याजवळ नव्हते. उताराच्या दिशेने ओढलेल्या आखूड, बारीक रेषांनी त्यांनी उंचवट्याच्या कडा दाखवल्या आहेत, आणि त्यामुळे हा उंचवटा सपाट प्रेरीमध्ये लांबट पानासारखा उठून दिसतो. येथे मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. या रेषा डोळ्यांना उतार तीव्र असल्याचे भासवतात, प्रत्यक्षात कोतोवरची चढण बहुतेक ठिकाणी लांब आणि सौम्य आहे. नकाशा पाहून तेथे कडेकपारी असतील अशी कल्पना करून घेणाऱ्याची दिशाभूल होईल. हा दोष निकोले यांचा कमी आणि त्या काळच्या रेखाटनपद्धतीचा अधिक आहे.

शीर्षकात खगोलीय निरीक्षणे, बॅरोमीटरची निरीक्षणे आणि सर्वेक्षण यांच्या जोडीला माहिती असाही एक आधार नोंदवला आहे. तो सहज नजरेतून सुटेल, पण नकाशाच्या प्रामाणिकपणाची खूण तोच. निकोले ज्या नद्यांवर स्वतः गेले नाहीत, त्या डकोटा आणि ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी, तसेच फरच्या व्यापाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे काढल्या आहेत. लीच लेकवरचे पाद्री विल्यम बाउटवेल, लाक की पार्लचे व्यापारी जोसेफ रेनव्हिल, मेंडोटाचे हेन्री सिब्ली अशा अनेकांनी त्यांना मदत केली. निकोले यांनी स्थानिक लोकांच्या भाषा आणि चालीरीती यांच्या सविस्तर नोंदी ठेवल्या, आणि नद्या-तळ्यांची शेकडो स्थानिक नावे जपून लिहून घेतली. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या अनेक नकाशाकारांनी ही नावे सरळ पुसून टाकली. अर्थात त्यांनी स्वतःही काही तळ्यांना वॉशिंग्टनमधल्या वजनदार मंडळींची नावे दिली. युद्धमंत्री पॉइन्सेट आणि सिनेटर बेंटन यांची नावे त्या भागातल्या तळ्यांना आजही आहेत. मोहिमेला पैसा देणाऱ्यांची मर्जी राखणे तेव्हा क्रमप्राप्तच होते, पण स्थानिक नावांविषयी त्यांना वाटणारा आदर पाहता हा भाग खटकतो.

या नकाशाने पुढे काय घडवले, हे ठाऊक असल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. ब्ल्यू अर्थ नदी आणि तिच्या पंख्यासारख्या पसरलेल्या उपनद्यांच्या प्रदेशाला निकोले यांनी अंडाइन प्रदेश असे नाव दिले होते, आणि तेथील जमिनीची व पाण्याची त्यांनी तोंडभरून स्तुती केली होती. आयोवाला राज्याचा दर्जा देण्याची चर्चा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, सुरू झाली तेव्हा हीच नदी सीमारेषेसाठी पुढे आली. निकोले यांच्या सूचनेच्या आधारे काँग्रेसने 1845 मध्ये ठरवलेली उत्तर सीमा ब्ल्यू अर्थच्या मुखातून जाणाऱ्या अक्षवृत्तावर होती, आणि पश्चिम सीमा वॉशिंग्टनपासून 17 अंश 30 कला पश्चिमेच्या रेखावृत्तावर. तसे झाले असते तर आजच्या दक्षिण मिनेसोटाचा मोठा पट्टा आयोवात गेला असता आणि आयोवाला मिसुरी नदीचा काठ मिळाला नसता. आयोवाच्या मतदारांनी हा प्रस्ताव 1845 मध्ये दोनदा फेटाळला. अखेर 43 अंश 30 कला हे अक्षवृत्त उत्तर सीमा ठरले, पश्चिमेला मिसुरी आणि बिग सू या नद्या आल्या, आणि डिसेंबर 1846 मध्ये आयोवा राज्य झाले. नकाशा समोर ठेवून या दोन्ही रेषा पेन्सिलीने काढून पाहिल्या तर मतदारांचा राग लगेच समजतो, कारण निकोले यांची रेषा मिसुरीच्या काठापासून आयोवाला तोडते. नकाशाकाराच्या दृष्टीने ती विभागणी तर्कशुद्ध असेलही. शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला मात्र नदीचा घाट हवा होता.

याहून गंभीर परिणाम डकोटा लोकांना भोगावा लागला. 1851 मधील ट्रॅव्हर्स दे सू आणि मेंडोटा येथील करारांनी त्यांच्या दक्षिण मिनेसोटातील जवळजवळ सगळ्या जमिनी अमेरिकी सरकारकडे गेल्या. डकोटा लोक आणि अमेरिकी सरकार यांच्यातील 1862 च्या युद्धानंतर ब्ल्यू अर्थच्या मुखाशी वसलेल्या मँकाटो या गावी 38 डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले आणि बहुतेक डकोटा लोकांना राज्याबाहेर हाकलण्यात आले. हे निकोले यांनी केले नाही, आणि ते पाहायला ते हयातही नव्हते. पण ज्या नकाशावर डकोटांच्या तोंडची नावे इतक्या काळजीने लिहिली गेली, तोच नकाशा त्यांच्या भूमीची मोजदाद वॉशिंग्टनला पोहोचवण्याचे साधन होता. नद्या किती सुपीक प्रदेशातून वाहतात हे एकदा छापून आल्यावर ते कोण वाचणार हे नकाशाकाराच्या हातात राहत नाही. नकाशाच्या गुणांची चर्चा करताना ही बाजू वगळणारी प्रदर्शन-टिपणे मला अपुरी वाटतात.

छापलेल्या नकाशाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. शीर्षकातच नमूद केले आहे की हा नकाशा लेफ्टनंट विल्यम एमरी यांनी 1842 च्या मोठ्या नकाशावरून, आणि इतर आधारांवरून, लष्कराच्या भूमापन अभियंता विभागाचे प्रमुख कर्नल ॲबर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली लहान करून 1843 मध्ये संकलित केला. म्हणजे आपल्यासमोर असलेले पान निकोले यांच्या हातचे मूळ रेखाटन नव्हे. मूळ काम त्यांनी फ्रेमाँट यांच्यासह वॉशिंग्टनमध्ये, सागरी किनारा सर्वेक्षणाचे प्रमुख हासलर यांच्या घरी राहून केले होते. प्रकृती ढासळत असतानाही ते सोबतचा अहवाल लिहीत राहिले, आणि तो पूर्ण होण्यापूर्वीच 11 सप्टेंबर 1843 रोजी त्यांचे निधन झाले. अहवाल त्याच वर्षी तसाच छापला गेला. त्यामुळे त्यात काही ठिकाणी विवेचन अचानक तुटते, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे फक्त त्यांनाच देता आली असती ते तसेच राहतात. तरीही अहवालाच्या शेवटी दिलेली अक्षांश, रेखांश आणि उंचीची कोष्टके शेजारी ठेवल्याशिवाय नकाशा वाचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नुसता नकाशा पाहणाऱ्याला सुरेख रेखाटन दिसते. कोष्टकासह पाहणाऱ्याला कोणता बिंदू मोजलेला आहे आणि कोणती रेष अंदाजाने जोडलेली आहे हे समजते. 1850 च्या दशकात पश्चिमेचा सर्वसमावेशक नकाशा तयार करणारे लष्करी सर्वेक्षक जी. के. वॉरन यांनी निकोले यांचे काम अमेरिकी भूगोलाला लाभलेल्या सर्वांत मोठ्या देणग्यांत गणले, ते याच मोजमापांमुळे.

प्रतींच्या निवडीबाबत आता. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ही प्रतिमा निरनिराळ्या आकारांत मिळते. संगणकावर फक्त चाळायची असेल तर मध्यम आकाराची जेपेग फाइल पुरते. छापून घ्यायची असेल तर मोठी टिफ फाइलच उतरवावी. डेव्हिड रमसी यांच्या नकाशासंग्रहाच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवून पाहण्याची सोय आहे, आणि अशा नकाशाची परीक्षा घेण्यास ती फार उपयोगी पडते. जुळवणी करताना संगमांची आणि किल्ल्यांची ठिकाणे आधी धरावीत, कारण वेध घेतले गेले ते तेथे. वळणांवरून जुळवायला गेल्यास सगळेच सरकते.

विकत मिळणाऱ्या प्रतिकृतींत मात्र फार डावे-उजवे आहे. मी मागवलेली एक चौकटबंद प्रतिकृती मूळ आकाराच्या तृतीयांश होती. तिच्यावर जुनेपणाचा आव आणणारी तपकिरी छटा चढवली होती, आणि शीर्षकाच्या बाजूची किनार कापल्यामुळे एमरी यांची नोंद अर्धी गायब होती. उत्तरेकडील तळ्यांची नावे भिंगाखाली धरूनही लागत नव्हती, कारण अक्षरे छपाईतच एकमेकांत मिसळली होती. भिंतीवर ती बरी दिसते, एवढेच तिच्याबद्दल सांगता येईल. ज्याला हा नकाशा खरोखर वाचायचा आहे त्याने प्रतिकृती मागवण्यापूर्वी छापील भागाची उंची 90 सेंटिमीटरांहून अधिक आहे ना, चारही बाजूंची चौकट आणि अंशांचे आकडे शाबूत आहेत ना, कागद पांढरा आणि बिनचकाकीचा आहे ना, हे विचारून घ्यावे. विक्रेत्याकडे या प्रश्नांची उत्तरे नसतील तर टिफ फाइल घेऊन मोठ्या कागदावर छापणाऱ्या व्यावसायिकाकडून ती मूळ आकारातच, प्रमाण न बदलता, काढून घ्यावी. छापून आल्यावर चौकटीवर लिहिलेल्या दोन लगतच्या अक्षवृत्तांमधले अंतर पट्टीने मोजावे. ते सव्वानऊ सेंटिमीटरांच्या आसपास भरले तर आकार बरोबर आला असे समजावे.